तीन अक्षरांचा तयार माल

११ मार्च

रंगाच्या दुकानदाराने ही डायरी जानेवारीतच फुकट दिली होती. दोन महिने कोरे गेले, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आज घडलं.

सकाळी एका कोचिंग क्लासच्या बोर्डासाठी इंग्रजी अक्षरं कापत होतो. 'कोचिंग'ची शेवटची तीन, आय, एन आणि जी, कापून बाजूला ठेवली आणि चहा घेताना आठवलं की मागच्या आठवड्यात प्रिंटिंगवाल्याला हीच तीन कापून दिली होती. त्याआधी बिल्डिंगवाल्याला. चहा तसाच ठेवून रस्त्यावर गेलो आणि चौकापर्यंत बोर्ड वाचत सुटलो. पार्किंग, बँकिंग, वेल्डिंग, कॅटरिंग, ट्रेनिंग. जिकडे बघावं तिकडे शब्दाला तेच शेपूट! तीस वर्षं इंग्रजी अक्षरं कापतोय आणि हे मला आज दिसलं. एका आजोबांवर आदळलो. ते म्हणाले, "दिसत नाही का?" मी म्हटलं, "आत्ताच दिसायला लागलंय." हे उत्तर त्यांना आवडलं नाही.

कल्पना अशी: शेपटं आधीच कापून तयार ठेवायची. गिऱ्हाईक आलं की फक्त पुढची अक्षरं कापायची. निम्मं काम आधीच उरकलेलं. छापील बोर्डवाले तासाभरात बोर्ड देतात म्हणून माझी गिऱ्हाइकं तिकडे पळतात. आता बघतोच कशी पळतात.

१२ मार्च

ताईचा फोन. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिकडे दुसऱ्या शहरात छापील बोर्डांचा मोठा कारखाना चालवतो. मी माझं हे वर्कशॉप बंद करून तिच्याकडे राहायला यावं आणि भाच्याच्या काउंटरवर बसावं, हे तिचं तीन वर्षांचं पालुपद. "एकटा जीव तू, जेवतोस कधी, झोपतोस कधी, कोण बघतं?" वगैरे. मी तिला शेपटांची कल्पना सांगितली. तिने ती मला पुन्हा एकदा सांगायला लावली. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, "तुला लहानपणी डोक्यावर पाडलं होतं, ते मीच."

शेवटी तडजोड झाली. वर्षअखेरीपर्यंत तयार माल खपला तर मी इथे राहायचं आणि तिने पुन्हा विषय काढायचा नाही. नाही खपला तर मुकाट्याने सामान बांधायचं. जागेचा करारही तेव्हाच संपतो. मी कबूल केलं. आमच्या घरात ताईला एकदा हो म्हटलं की ते फिरवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

२३ मार्च

पंधरा शेपटं तयार! लालभडक ॲक्रिलिक, उंची नऊ इंच. अक्षरं वाकडीतिकडी लागू नयेत म्हणून तिन्ही खालच्या एका पट्टीला जोडूनच कापली आहेत, अख्खा तुकडा एकदम बसतो. भिंतीवर ओळीने टांगली आणि लांब उभा राहून बघत बसलो. फार देखणी दिसतात.

शेजारचा चष्मेवाला आला. त्याने आधी एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. "आणि गिऱ्हाइकाला निळं हवं असलं तर?"

"लाल कुणाला आवडत नाही?"

"आणि सहा इंची हवं असलं तर?"

त्याला नव्या गोष्टींचं कौतुक नाही. चष्मे विकून विकून माणूस फक्त दोष शोधतो.

४ एप्रिल

दुसऱ्या एका कोचिंग क्लासवाल्याने शेपूट घेतलं! खरं म्हणजे त्याला लालच हवं होतं, पण तरी.

१७ एप्रिल

एका नव्या प्रिंटिंगवाल्याला हिरवं हवं. वेल्डिंगवाल्याला दोन फुटी. कॅटरिंगवाली म्हणाली, "सोनेरी नाही?" ट्रेनिंगवाल्याने मधल्या काळात छापील बोर्ड लावूनही टाकला. लोकांना स्वतःचं मत असण्याची फार वाईट सवय लागली आहे.

१९ एप्रिल

शर्टाचं बटण तुटलं म्हणून समोरच्या शिवणवाल्या बाईंकडे गेलो. त्यांचं दुकान सहा वर्षांपासून माझ्या दारासमोर आहे. मुलीचं लग्न झाल्यावर त्या एकट्याच चालवतात. आजवर नमस्कार-चमत्कार एवढीच ओळख. बटण लावता लावता त्यांनी विचारलं, "तुमच्या भिंतीवर ते लाल लाल काय टांगलंय?" मग मी सगळं सांगितलं. कुणीतरी पहिल्यांदाच मला मधे न तोडता ऐकलं. ऐकून झाल्यावर दाताने दोरा तोडून म्हणाल्या, "पेंटर, रेडिमेड कपड्यालासुद्धा चार मापं असतात."

हे मला आधी सुचायला हवं होतं, पण तसं दाखवलं नाही.

ताईची अटही सांगितली. बाईंनी सुई उशीत खोचली. "म्हणजे माल खपला नाही तर तुम्ही जाणार? कायमचे?"

म्हटलं, "जाणारच. हो म्हणून बसलोय."

संध्याकाळी दुकान बंद करताना रस्ता ओलांडून आल्या आणि टेलरिंगचा बोर्ड सांगून गेल्या. लाल, नऊ इंची. बटणाचे पैसेही घेतले नाहीत.

२९ एप्रिल

बाईंचा बोर्ड चढवला. स्टुलावर मी, खाली त्या, "डावीकडे, अजून डावीकडे, आता फार झालं." पुढची अक्षरं आणि शेपूट यात केसाचाही फरक नाही. चहा दिला. आलं जरा जास्त होतं, पण चांगला होता. निघताना म्हणाल्या, "फिटिंगचा पण करून टाका एक."

ताईला फोन करून सांगितलं की बाजारात मागणी सुरू झाली आहे.

२१ मे

निटिंगची ऑर्डर. बाईंनीच. म्हटलं, "तुम्ही विणकामही करता?" म्हणाल्या, "करीन की." उद्योगी बाई आहेत. मला माणसात हा गुण फार आवडतो.

६ जून

डाईंगचा बोर्ड नेऊन चढवला, म्हणजे कपडे रंगवून देण्याचा. नव्या धंद्याला शुभेच्छा दिल्या. जाताना धुतलेला शर्ट घातला होता. बोर्डाला जुन्या शर्टाचा रंग लागू नये म्हणून, दुसरं काही नाही.

चष्मेवाल्याने दारातून विचारलं, "कुठे लग्नाला?"

१५ जून

आज बाई दिसल्या. हात कोपरापर्यंत निळे. कपाळावरही एक निळा ठिपका होता. काउंटरवर कुणाचा तरी पडदा, अर्धा निळा, अर्धा कसलाच नाही. धंदा जोरात दिसतो. "मागणी आहे वाटतं?" विचारलं तर माझ्याकडे असं काही बघितलं की मी परत फिरलो. कामात असलेल्या माणसाशी बोलू नये, माझंच चुकलं.

२ जुलै

चष्मेवाल्याची एक सूचना मात्र चांगली आहे. तो म्हणतो, आमच्या 'साईट'चं शेपूट कापा. साईट, लाईट, नाईट, राईट, फाईट, सगळ्यांच्या मागे तीच चार अक्षरं. त्यातली मधली दोन, जी आणि एच, तोंडाने म्हणायचीसुद्धा नाहीत, पण कापावी लागतात आणि गिऱ्हाइकाला त्यांचेही पैसे पडतात! इंग्रजी भाषा बोर्डवाल्यांनीच बनवली असावी. पण आधी हा माल संपू दे. एकदा पोळलोय, असं नाही, पण जरा गरम लागलंय.

१८ जुलै

बाई: आयर्निंग.

९ ऑगस्ट

बाई: लायनिंग आणि पायपिंग, एकदम दोन. अस्तराला आणि कडेच्या गोटाला वेगवेगळे बोर्ड! मी म्हटलं, "एवढं बारीक बारीक कोण वाचतं?" त्या म्हणाल्या, "मी वाचते."

आधीचा आयर्निंगचा अजून आतच आहे. चढवून देतो म्हटलं तर नको म्हणाल्या, सुताराला सांगितलंय. सुतार काही येत नाही. हल्ली कारागीर वेळेवर येतच नाहीत, मी सोडून.

११ ऑगस्ट

ताई फोनवर: "तुझी ती मागणी बाजारात आहे की एकाच बाईंकडे?"

मी तिला समजावून सांगितलं की पक्कं गिऱ्हाईक हा धंद्याचा कणा असतो.

"दिसायला कशा आहेत?"

ताईला धंद्यातलं काही कळत नाही.

३ सप्टेंबर

बाईंनी आज विचारलं, "अजून किती उरलीत?" रोज कुणी तरी आपल्या मालाची अशी चौकशी करावी, यासारखं सुख नाही. निम्म्याहून कमी उरलीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मॉर्निंग आणि इव्हनिंगची ऑर्डर दिली, दुकानाच्या वेळा लिहायला. मी म्हटलं, वेळा तर त्याच्या पुढे लिहाव्या लागतील. म्हणाल्या, "त्या मी खडूने लिहीन."

२२ सप्टेंबर

वेटिंग. त्यांच्या दुकानात एकच स्टूल आहे आणि त्यावर मांजर झोपतं. पण गिऱ्हाईक बसवायचा विचार असेल. दूरदृष्टीची बाई.

१० ऑक्टोबर

पार्किंग! त्यांच्या दारापुढे एक सायकल आडवी लावली तरी रस्ता अडतो. मी विचारलं, "पार्किंग कुणासाठी?" त्या शिवत होत्या, मान वर केली नाही. "येईल कुणीतरी," म्हणाल्या. कान लाल झाले होते. इस्त्रीजवळ बसून काम करतात, उकडत असणार.

मी न राहवून मोकळेपणाने सल्ला दिला. म्हटलं, "बाई, रागावू नका. पण तुम्ही हातपाय फार पसरताय. परवा एकाच्या कोटावर इस्त्रीचा डाग पडलेला मी बघितला. झेपत नसेल तर एखादं काम बंद करावं."

त्यांनी मशीन थांबवलं. "पेंटर, तुम्ही मुळातच असे आहात की शिकून झालात?"

याचा अर्थ मला लागला नाही. चष्मेवाल्याला विचारला तर तो खुर्चीत मागे पडून हसला. चहा अर्धा त्याच्या नाकातून आला.

५ नोव्हेंबर

आज कमाल झाली. बाई आल्या आणि म्हणाल्या, "शेपूट शेवटीच लागतं असं थोडंच आहे? मधे चालेल ना?" मी थक्क झालो. मला सुचलंच नव्हतं! त्यांना फिंगरचा बोर्ड हवा आहे, मशीनपाशी लावायला, म्हणजे बोट सांभाळा याची आठवण राहावी. फिंगरमध्ये आपली तीन अक्षरं बरोबर पोटात बसली आहेत. दोघं मिळून तासभर शब्द शोधत बसलो. त्यांना सिंगर सुचला, मला जिंगल. त्या हसायला लागल्या की आधी आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मग एकदम येतो. आजचा दिवस फार चांगला गेला.

२८ नोव्हेंबर

दोनच उरली! ताईला कळवलं. म्हटलं, हरलीस. ती म्हणाली, भाच्याला पाठवते, डोळ्यांनी बघून येऊ दे. ये म्हणावं, खुशाल ये.

एक गोष्ट लिहून ठेवतो. जिंकतोय, पण शेवटची दोन गेल्यावर बाई कशाला येतील, असा विचार आज दोनदा आला. नवीन शेपटं कापावीत का?

९ डिसेंबर

भाचा आला. गाडीतून उतरताना त्याच्या पँटची शिवण उसवली, म्हणून आधी समोर गेला. अर्ध्या तासाने पोट धरून हसत परत आला.

"मामा, पँट बदलायला त्यांनी मला आतल्या खोलीत पाठवलं. तुमचं गोदाम आहे तिथे! लावलेले सोडून बाकी सगळे बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. कागदसुद्धा काढलेला नाही. पार्किंग काय, वेटिंग काय!"

मी म्हटलं, सुतार आला नसेल.

"कुठला सुतार? मी विचारलं की हे काय, तर पाणी आणते म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत." मग माझा चेहरा बघून तो हसायचा थांबला. मुलगा चांगला आहे. संध्याकाळच्या गाडीने गेला.

१० डिसेंबर

म्हणजे माल खपलाच नाही. रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूला गेला, एवढंच. वर्षभर मी छाती फुगवून फिरलो आणि समोरची बाई दया म्हणून माझे तुकडे घेत राहिली. आपल्यावर कुणी दया करतंय आणि आपण तिला धंदा वाढवण्याचे सल्ले देतोय! कानशिलं तापली आहेत. दुकानाचं शटर अर्धंच उघडलं.

१३ डिसेंबर

ताईला सांगितलं की हरलो. तिने विचारलं नाही, कसा. "कधी येतोस?" एवढंच. म्हटलं, महिनाअखेरीला.

१६ डिसेंबर

खोकी आणली. हत्यारं भरायला घेतली. बाई दोनदा दारापर्यंत आल्यासारख्या वाटल्या. मी पाठ करून उभा होतो.

१९ डिसेंबर

चष्मेवाला आला आणि न विचारता खोक्यावर बसला. सरळ बोलायला लागला, हे त्याचं नेहमीचं नाही.

"दया म्हणून माणूस एक बोर्ड घेतो. फार तर दोन. दया म्हणून कुणी महिनाभर निळे हात घेऊन फिरत नाही. लोक कपडे रंगवायला घेऊन यायला लागले तुमच्या त्या बोर्डामुळे, तेव्हा त्या परत पाठवत होत्या. मग एका म्हातारीला नाही म्हणवेना, म्हणून पुस्तक आणून शिकल्या. विणकाम माझ्या बायकोकडून शिकल्या. पहिला मोजा माझ्याकडेच आहे, त्यात दोन पाय जातात."

मी म्हटलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्हाला लांबचं चौकापर्यंतचं वाचता येतं. जवळचा चष्मा लागलाय तुम्हाला, पेंटर."

तो गेल्यावर ही डायरी पहिल्यापासून वाचली. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. पंधरा जूनपाशी तर स्वतःच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

२० डिसेंबर

गेलो. धुतलेला शर्ट घालून गेलो आणि या वेळी कारण शोधलं नाही.

बाई एका गिऱ्हाईक बाईने घातलेल्या झग्याला टाचण्या लावत होत्या. मला बघून त्यांनी टाचण्यांची अख्खी डबीच खाली पाडली. मी वेचायला बसलो. उभं राहून जे बोलता आलं नसतं ते खाली बसल्यावर बोलता आलं.

"बोर्ड का घेतलेत एवढे?"

बाई त्या गिऱ्हाइकाच्या पाठीमागे होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तुम्ही जाणार होतात म्हणून."

"सरळ सांगायचं."

"कधी? सहा वर्षं समोर आहे मी. तुम्ही बोर्डाशिवाय दुसऱ्या कशावर बोलता? तुमच्याशी चार वाक्यं बोलायची तर ऑर्डर द्यावी लागते." आवाज चढला, मग उतरला. "डिक्शनरी आणली मी. रोज झोपायच्या आधी शब्द शोधायची. आता माझ्याकडे शब्द राहिले नाहीत, पेंटर. उरलेली दोन शेपटं तुम्हीच घ्या आणि जायचं तर जा."

झग्यातली बाई हलायलाही तयार नव्हती. तिला टाचण्यांपेक्षा यात जास्त रस होता.

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण यापेक्षा चांगलं सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. मी म्हटलं, "मी हरलोय. ताईला तसं सांगितलंय. पण मला जायचं नाहीये. ऑर्डर न देता रोज आलो तर चालेल का?"

बाईंचे खांदे हलायला लागले. रडताहेत की हसताहेत ते आवाज येईपर्यंत कळेना. मग आवाज आला.

तिथूनच ताईला फोन लावला. म्हटलं, "ताई, पहिल्यांदाच तुला दिलेला होकार फिरवतोय. येत नाही मी." ताई म्हणाली, "काय झालं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि अकरा मार्चपासून सुरुवात केली. तेव्हा बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि "ताई, नमस्कार" म्हणून मागच्या खोलीत गेल्या. बराच वेळ बोलत होत्या. मला एवढंच ऐकू आलं: "नाही, जेवण वेळेवर नसतंच त्यांचं. बघते मी."

झग्यातल्या बाईला राहवलं नाही. बाई परत आल्यावर तिने माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण तुमचे?"

बाईंनी एक टाचणी ओठात धरली, झग्याची कड सरळ केली, टाचणी लावली आणि मग म्हणाल्या, "घरचेच आहेत."

मी मान खाली घालून टाचण्या वेचत राहिलो. बऱ्याच राहिल्या असणार, कारण मला एकही दिसत नव्हती.